पडद्यामागील कामाची कार्यसंचिका : मराठी नाट्यसमीक्षेतील एका उणिवेचा विचार

प्रस्तावना

मराठी नाट्यपरीक्षणाचा एक साचा वाचकांच्या परिचयाचा आहे. संहितेची चर्चा निम्म्याहून अधिक जागा व्यापते, अभिनयाला त्याखालोखाल स्थान मिळते आणि शेवटच्या परिच्छेदात नेपथ्य साजेसे, प्रकाशयोजना पूरक व रंगभूषा नेटकी असल्याचा निर्वाळा देऊन परीक्षण संपते. या तीन विशेषणांतून त्या प्रयोगात नेमके काय घडले, ते कोणी घडवले आणि कोणत्या पर्यायांतून निवडले, यांपैकी काहीही कळत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय वरवर पाहता व्यावहारिक आहे. नाटकाच्या पडद्यामागे काम करणाऱ्याने आपल्या कामाचा पोर्टफोलिओ, म्हणजेच कार्यसंचिका, कशी तयार करावी? परंतु हा प्रश्न व्यवसाय मार्गदर्शनापुरता मर्यादित नाही. कार्यसंचिका हे पडद्यामागील कामाचे एक वाचन असते. आणि ज्या कामाचे वाचन करण्याची भाषा समीक्षेने घडवलेली नाही, त्या कामाची संचिकाही दुबळीच राहते, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

या विषयाकडे वळण्याचे कारण एका व्यक्तिगत चुकीत आहे. महाविद्यालयाच्या सांस्कृतिक मंडळाचे काम मी पाहत असताना एक विद्यार्थी सलग तीन वर्षे आमच्या एकांकिकांची प्रकाशयोजना करीत होता. नाट्यप्रशिक्षणाच्या प्रवेशासाठी तो मुलाखतीस गेला, तेव्हा त्याच्याजवळ सहभागाची प्रमाणपत्रे आणि मोबाइलवर काढलेली काही छायाचित्रे होती. केलेले काम दाखवा, असे सांगितल्यावर त्याने ती छायाचित्रे पुढे केली. त्यांत अभिनेते दिसत होते. त्याची निवड झाली नाही. केवळ याच कारणाने ती झाली नाही, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. मात्र त्याला शिफारसपत्र देण्यासाठी मी आमचे वार्षिक अंक चाळले, तेव्हा अभिनेत्यांच्या नावांखाली ‘रंगमंच साहाय्य : इतर विद्यार्थी’ एवढी एकच ओळ आढळली. तो मजकूर माझ्याच हातचा होता.

परंपरेतील स्थान आणि समीक्षेतील अनुपस्थिती

पडद्यामागील काम दुय्यम मानण्याला आपल्या नाट्यपरंपरेचा आधार नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात आंगिक, वाचिक, सात्त्विक यांच्या बरोबरीने आहार्य हा अभिनयाचा चौथा प्रकार सांगितला आहे. पुस्त, अलंकार, अंगरचना आणि संजीव असे त्याचे चार भेद आहेत. पुस्त म्हणजे रंगमंचावर उभारावयाच्या कृत्रिम वस्तू, अंगरचना म्हणजे रंगभूषा. वेष, रंग आणि वस्तू यांचा विचार भरताने सजावट म्हणून केलेला नसून अभिनय म्हणून केला आहे, ही बाब लक्षणीय आहे. ‘नेपथ्य’ या शब्दाचा प्रवासही बोलका आहे. संस्कृत नाटकात तो पडद्यामागील जागा आणि तेथे होणारी वेषरचना या अर्थांनी येतो. आधुनिक मराठीत तो दृश्यरचनेपुरता संकोचला. शब्द पडद्याच्या पुढे आला, माणूस मात्र मागेच राहिला.

आधुनिक काळात या कामाला मान्यता मिळालीच नाही, असे नाही. राज्य नाट्यस्पर्धेत नेपथ्य, प्रकाशयोजना व रंगभूषा यांना स्वतंत्र पारितोषिके आहेत. प्रकाशयोजनाकार तापस सेन यांना १९७४ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. ‘ललितकलादर्श’चे रंगचित्रकार पु. श्री. काळे यांनी ‘ललित कलेच्या सहवासात’ हे पुस्तक लिहून पडद्यामागील जगाला शब्दरूप दिले. परंतु पारितोषिक हा निर्णय असतो, विवेचन नव्हे. आणि आठवणींतून काळ उभा राहतो, कामाची पद्धत क्वचितच. पद्धतीची नोंद ठेवण्याची शिस्त या दोहोंतूनही निर्माण झाली नाही.

छायाचित्र पुरावा ठरते काय?

कार्यसंचिका म्हटल्यावर विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर चांगल्या छायाचित्रांचा अल्बम येतो. नेपथ्याच्या बाबतीत तो काही अंशी उपयोगी ठरतो. अन्य कामांच्या बाबतीत त्याचे अपुरेपण तीन नाटकांच्या उदाहरणांतून स्पष्ट होईल.

आचार्य अत्रे यांचे ‘तो मी नव्हेच’ हे नाटक १९६२ मध्ये फिरत्या रंगमंचावर आले. न्यायालयातील खटला आणि आरोपीच्या पूर्वायुष्यातील निरनिराळे प्रसंग यांच्यात नाटक सतत ये-जा करते. प्रभाकर पणशीकर त्यात पाच वेगवेगळ्या रूपांत प्रेक्षकांसमोर येत. फिरत्या रंगमंचाचे महत्त्व कोणत्याही एका दृश्यात नाही. ते दोन दृश्यांमधल्या अवधीत आहे. तसेच एका रूपातून दुसऱ्या रूपात जाताना विंगेत कपडेपट आणि रंगभूषा सांभाळणाऱ्यांनी केलेली घाई हीच त्या परिणामाची पूर्वअट आहे. प्रत्येक दृश्याचे उत्कृष्ट छायाचित्र घेतले, तरी हे काम कोणत्याही छायाचित्रात येणार नाही.

‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) मध्ये माणसांची रांग हाच पडदा होतो, तीच भिंत होते. येथे दृश्यरचना लाकूड-कापडाची नसून देहांची आहे. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, कृष्णदेव मुळगुंद यांचे नृत्यदिग्दर्शन आणि भास्कर चंदावरकर यांचे संगीत यांच्या संयोगातून ती सिद्ध झाली. रांगेचे छायाचित्र रांग दाखवते. ती कोणत्या तालावर उघडते आणि उघडल्याने काय लपते, हे दाखवत नाही.

तिसरे उदाहरण बंगाली रंगभूमीचे आहे. कोलकात्याच्या मिनर्व्हा थिएटरमध्ये उत्पल दत्त यांनी १९५९ मध्ये सादर केलेल्या ‘अंगार’मध्ये कोळशाच्या खाणीत पाणी भरत जाण्याचा प्रसंग तापस सेन यांनी प्रकाशाच्या साहाय्याने उभा केला. पाणी चढत जाणे ही काळात घडणारी क्रिया आहे. स्थिर छायाचित्र तिचा एक क्षण पकडते आणि तिचा प्राण असलेली गती गमावते. शिवाय कॅमेरा मंद प्रकाश स्वतःहून उजळून घेतो. त्यामुळे प्रकाशयोजनाकाराने जाणीवपूर्वक राखलेला अंधार छायाचित्रात राखाडी होऊन जातो. अशा वेळी छायाचित्र हा अपुरा पुरावा तर ठरतोच, प्रसंगी तो खोटाही ठरतो.

निर्णयाची नोंद

मग कार्यसंचिकेत काय असावे? याचे एक उत्तर ब्रेख्तच्या कार्यपद्धतीत सापडते. स्वित्झर्लंडमधील खूर येथे १९४८ मध्ये त्याने ‘अँटिगनी’चा प्रयोग केला. त्याची दृश्यरचना कास्पर नेहेरची होती. रूथ बेरलाऊने घेतलेली छायाचित्रे आणि त्यांसोबतची टिपणे मिळून त्या प्रयोगाचे ‘मॉडेल बुक’ १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात छायाचित्र एकटे येत नाही. त्या क्षणी ही रचना का स्वीकारली, याचे टिपण त्याच्या शेजारी असते. चित्र आणि कारण यांची ही सांगड हेच कार्यसंचिकेचे मूलतत्त्व होय.

महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’चा विचार करू. वाड्यासमोर गंजत पडलेला ट्रॅक्टर या नाटकात वारंवार येतो. तो प्रेक्षकांना दाखवावा, की अंधारात त्याला अडखळणाऱ्या पात्रांच्या हालचालींतून सुचवावा? दाखवला तर विंगेतून येण्याजाण्याची वाट किती उरते? आज इथे तर उद्या दुसऱ्या गावी प्रयोग करणाऱ्या संस्थेने तो टेम्पोतून कसा न्यावा? विद्यार्थी नेपथ्यकाराने या प्रश्नांची दोन कच्ची रेखाटने, एक मोजमापाचा ग्राउंड प्लॅन आणि अंतिम निर्णयामागील चार ओळींचे कारण नोंदवले, तर ती दोन पाने दहा रंगीत छायाचित्रांहून अधिक सांगतात. ती संहितेची समीक्षाही ठरतात, कारण ट्रॅक्टर कोठे ठेवायचा हा प्रश्न मुळात देशपांडे कुटुंबाच्या ऱ्हासाकडे कोठून पाहायचे हा आहे.

हेच तत्त्व प्रत्येक कामाला लावता येते. प्रकाशयोजनाकाराच्या संचिकेत लाइट प्लॉट आणि क्यू शीट हवी. क्यूचा क्रमांक, तो कोणत्या वाक्यावर वा हालचालीवर येतो, कोणता दिवा किती टक्क्यांवर जातो आणि त्याला किती सेकंद लागतात, एवढ्या नोंदींवरून जाणकाराला प्रसंगाची लय वाचता येते. वेशभूषाकाराने रेखाटनासोबत कापडाचे तुकडे आणि पात्र व प्रवेश यांचा तक्ता जोडावा. रंगभूषाकाराने चेहरा रंगपटातील दिव्याखाली व रंगमंचीय प्रकाशात अशा दोन्ही अवस्थांत दाखवावा. रंगमंच व्यवस्थापकाची प्रत्यक्ष वापरलेली, खाडाखोड असलेली प्रॉम्प्टची संहिता हाच त्याचा सर्वोत्तम दस्तऐवज होय. ती पुन्हा स्वच्छ अक्षरात लिहून काढण्याचा मोह टाळावा. चुकलेला क्यू आणि दुसऱ्या प्रयोगात केलेली दुरुस्ती यांची नोंद असेल, तर संचिकेची विश्वसनीयता वाढते.

श्रेयाचा प्रश्न

नाटक ही सामूहिक कला असल्याने कार्यसंचिकेत एक नैतिक प्रश्नही दडलेला आहे. योजना करणारा आणि प्रयोगात ती चालवणारा या अनेकदा दोन व्यक्ती असतात. प्रकाशयोजना एकाची, संचालन दुसऱ्याचे; नेपथ्याची संकल्पना एकाची, सुतारकाम व रंगकाम इतरांचे. अल्बमवजा संचिकेत ही रेषा सहज पुसली जाते आणि एकच छायाचित्र चार जणांच्या संचिकांत चार दाव्यांसह आढळते. म्हणून प्रत्येक पानावर संकल्पना, निर्मिती, संचालन व साहाय्य यांपैकी आपला वाटा कोणता, हे स्पष्ट लिहिणे आणि सहकाऱ्यांची नावे देणे आवश्यक आहे. ‘मी फक्त डिमर चालवला’ असे म्हणणाऱ्याला ‘फक्त’ हा शब्द गाळण्यास शिकवणे आणि न केलेल्या योजनेवर नाव घालणाऱ्याला रोखणे, ही दोन्ही कामे शिक्षकाचीच आहेत.

काही आक्षेप

पडद्यामागचे काम दिसू नये यातच त्याचे यश आहे, असा एक आक्षेप घेतला जातो. तो प्रयोगापुरता खरा आहे. प्रेक्षकाला दोरी दिसू नये हे मान्य. पण दोरी कोणी ओढली याची नोंदही असू नये, हा त्याचा निष्कर्ष होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या क्षेत्रात काम ओळखीने आणि हाताखाली राहून मिळते. शिवाय संगणक, कॅमेरा आणि इंग्रजी हाताशी असणाऱ्यांचीच संचिका उठून दिसेल. ही भीती निराधार नाही. परंतु ओळखीची पद्धत ज्याची ओळख नाही त्याला बाहेरच ठेवते, हेही विसरता येत नाही. चौकटीची वही, पेन्सिल, मोजपट्टी आणि मराठीत लिहिलेली कारणे एवढ्या साहित्यावर चांगली संचिका होऊ शकते. किंबहुना, जाड कागदाच्या छपाईला गुण न देता नोंदीला गुण देणे, हाच त्या विषमतेवरील उपाय आहे.

मार्च २०२० मध्ये नाट्यगृहे बंद झाली, तेव्हा प्रयोगागणिक मिळणाऱ्या नाइटवर जगणाऱ्या पडद्यामागील कामगारांचे उत्पन्न एकाएकी थांबले. ज्याचे नाव जाहिरातीत नाही, परीक्षणात नाही, त्याने आपण वर्षानुवर्षे हेच काम करीत आलो हे कशाच्या आधारे सांगावे? नोंदीचा प्रश्न कलेच्या इतिहासापुरता नसून उपजीविकेचाही आहे, हे त्या काळाने दाखवून दिले.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतील.

१. पडद्यामागील कामाची कार्यसंचिका ही छायाचित्रांचा संग्रह नसून निर्णयांची नोंद असावी. समस्या, मर्यादा, पर्याय, निवड आणि प्रयोगातील परिणाम हा तिचा क्रम होय.

२. प्रकाश, ध्वनी, दृश्यबदल आणि व्यवस्थापन ही काळात घडणारी कामे असल्याने त्यांचा पुरावा तक्ते, क्यू शीट व प्रॉम्प्टची संहिता यांतच शोधावा लागतो.

३. आपला वाटा व इतरांचे श्रेय यांचा स्पष्ट निर्देश नसलेली संचिका अपूर्ण मानावी.

४. नाट्यसमीक्षेने विशेषणांऐवजी वर्णनाची आणि कारणमीमांसेची भाषा स्वीकारल्यास संचिका लिहिणाऱ्यालाही ती भाषा उपलब्ध होईल.

महाविद्यालयांपुरते बोलायचे तर आरंभ फार मोठा नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आखलेल्या आपल्या पदवी आराखड्यात सहअभ्यासक्रमाला श्रेयांक आहेत. ते देताना प्रमाणपत्राऐवजी संचिका मागता येईल. आपण प्राध्यापक स्थाननिश्चितीच्या प्रस्तावासाठी एका दिवसाच्या चर्चासत्राचे प्रमाणपत्रही फाइलमध्ये जपून ठेवतो. नोंद नसलेले काम झालेच नाही असे मानले जाते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? तीच दक्षता आपल्या विद्यार्थ्यांच्या कामाबाबत दाखवणे अवघड नाही. आमच्या वार्षिक अंकात आता प्रत्येक एकांकिकेखाली प्रकाश, नेपथ्य, रंगभूषा, ध्वनी आणि व्यवस्थापन अशा पाच ओळी छापल्या जातात व प्रत्येक ओळीपुढे नाव असते. त्या विद्यार्थ्याच्या तीन वर्षांच्या ओळी मात्र रिकाम्याच आहेत, आणि छापून झालेला अंक दुरुस्त करता येत नाही.