आवडलेली गाणी आणि न काढलेला मोर्चा

संयोजकांनी आम्हाला विषय दिला तो असा: एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीची आमची आवडती गाणी. आणि तीही पॉप आणि इंडी. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या माणसाला हा विषय देणं म्हणजे घोटीच्या राईस मिलमध्ये जाऊन हापूसची पेटी मागण्यासारखं आहे. (हशा) पण आम्ही हो म्हटलं. कारण त्यात 'आवडती' हा शब्द होता, आणि त्या शब्दाशी आमचं जुनं भांडण आहे.

भांडण कांटपासूनचं. १७९० सालच्या त्याच्या तिसऱ्या मीमांसेत तो वाइनचं उदाहरण देतो. कॅनरी बेटांची वाइन छान आहे असं कुणी म्हटलं, तर त्याला दुरुस्त करता येतं: छान आहे म्हणू नका, 'मला रुचते' म्हणा. पण एखादी वस्तू सुंदर आहे असं आपण म्हणतो तेव्हा 'माझ्यापुरती सुंदर' असं म्हणून चालत नाही. तिथे आपण इतरांच्याही वतीने बोलत असतो. मराठीत हे सगळं समजून घ्यायचं तर रा. भा. पाटणकरांची 'सौंदर्यमीमांसा' आहे, १९७४ची. जाड आहे, पण वाचा. आम्हाला आज एवढंच हवंय की आवडणं आणि चांगलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि काही गाणी या दोहोंच्या मध्ये आपल्याला अडकवतात.

आता 'इंडी' म्हणजे काय? सिनेमाच्या बाहेरचं, स्वतंत्र गाणं. हिंदीत लकी अली, युफोरिया ही मंडळी आली तेव्हा तिथे ही क्रांती वाटली. बरोबरच आहे, हिंदीत गाणं म्हणजे सिनेमाचंच. आपल्याकडे तसं कुठे होतं? आपलं भावगीत सिनेमाबाहेरच वाढलं. १९५५च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं, आठवड्याला एक अशी छप्पन गाणी वर्षभर चालली, आणि लोक रेडिओला हार घालत. म्हणजे मराठी माणसाला सिनेमाबाहेरच्या गाण्याचं अप्रूप नव्हतं. शतक बदलताना जे बदललं ते वेगळंच: गाणं देणारा बदलला. आकाशवाणीच्या जागी कंपनी आली, १९९९मध्ये अल्फा मराठी आलं, आणि गाण्याला चेहरा लागायला लागला. त्याच सुमाराचा मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांचा 'गारवा' घ्या. तो अजून कानांनी ऐकायचा होता.

२००२चं 'ऐका दाजिबा' मात्र डोळ्यांनी ऐकायचं. वैशाली सामंत यांचा आवाज, अवधूत गुप्ते यांचं संगीत. आमच्या काही सहकाऱ्यांनी तेव्हा नाकं मुरडली. आम्ही मुरडली नाहीत, कारण त्या आवाजाची फेक आम्हाला पहिल्यांदाच आवडली. पण एक गोष्ट बघा. दाजी म्हणजे बहिणीचा नवरा. 'दाजिबा' या हाकेत मेहुणीची थट्टा आहे, हक्क आहे, थोडं लाडही आहे. ही हाक दिल्लीच्या लग्नात पोचली तेव्हा नातं गळून पडलं आणि नुसता नाद उरला. लोक नाचले ते नादावर. यात वाईट काही नाही, मात्र मग ते गाणं म्हणून चांगलं, कविता म्हणून नव्हे. गंमत म्हणजे पुढे २००८-०९च्या लिटिल चॅम्प्समध्ये हेच दोघे परीक्षक म्हणून बसले, आणि समोर लहान मुलं नाट्यगीतं आणि अभंग गात होती. मराठी घराने दाजिबाला अखेर ओसरीवर नाही, थेट देवघरापाशी बसवलं.

'कोंबडी पळाली'वर आम्हाला जास्त बोलायचंय. 'जत्रा', २००६. शब्द जितेंद्र जोशी यांचे, संगीत अजय-अतुल यांचं. पुढे तीच चाल 'अग्निपथ'मध्ये 'चिकनी चमेली' होऊन गेली हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण त्या गाण्यात वैशाली सामंतांबरोबर कोण गातंय ते ऐका. आनंद शिंदे. प्रल्हाद शिंद्यांचे चिरंजीव. भीमगीतं आणि विठ्ठलाची गाणी कॅसेटवरून गावोगाव नेणारं हे घराणं. वस्तीत, यात्रेत, रिक्षात, ट्रकच्या केबिनमध्ये हा आवाज कित्येक वर्षं होता, फक्त सुशिक्षितांच्या दिवाणखान्यात नव्हता. 'कोंबडी'ने तो मंगल कार्यालयात आणला, आणि तिथे त्याला अडवायची कुणाची हिंमत झाली नाही, कारण सगळे आधीच नाचत होते! खऱ्या अर्थाने 'इंडी' शोधायचं असेल तर ती शिंद्यांची कॅसेट होती. तिला मात्र तसं कुणी म्हणालं नाही.

आता आमचं सर्वांत आवडतं. संदीप खरे यांचं 'मी मोर्चा नेला नाही'.

सलील कुलकर्णी आणि संदीप खरे यांचा 'आयुष्यावर बोलू काही' २००३मध्ये सुरू झाला आणि त्याचे हजारावर प्रयोग झाले. या गाण्यात एक माणूस आपली ओळख करून देतो, ती सगळी नकारांनी. हे केलं नाही, तेही केलं नाही. उपनिषदात ब्रह्माचं वर्णन असंच आहे, नेति नेति. तिथे सगळं नाकारल्यावर जे उरतं ते सर्व काही असतं. इथे सगळं नाकारल्यावर मागे उरतो तो एक सज्जन, बिनबोभाट नोकरी केलेला गृहस्थ. आणि तो आत चाचपून बघतो तर तिथे काहीच नाही. उपनिषदाचं इतकं क्रूर विडंबन मराठी गाण्यात आम्ही दुसरं ऐकलेलं नाही. आणि ते विडंबन असल्याचा कुठे गाजावाजा नाही, चाल अगदी साधी, घरातली.

अडचण पुढे आहे. नाट्यगृहात हे गाणं झालं की टाळ्या पडतात. टाळ्या वाजवणारे तेच असतात ज्यांच्यावर गाणं आहे. स्वतःवर हसणं ही स्वतःला माफ करण्याची सोपी रीत आहे, आणि गाणं ती माफी नाकारण्याइतकं कठोर नाही. गोड आहे ते. गोडपणाच त्याचा दोष, असं आमचं मत.

आणि त्याच काळात, त्याच पुण्यात, मोर्चा नेणारेही गात होते. २००२च्या गुजरातमधल्या दंगलींनंतर कबीर कला मंच उभा राहिला. तरुण पोरं-पोरी, डफ, ढोलकी, वस्त्यांमधले कार्यक्रम. ना कंपनी ना चॅनल. शीतल साठे यांचा आवाज ज्यांना ऐकायचा असेल त्यांनी आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' पाहावा. २०११मध्ये नक्षलवाद्यांशी संबंधाच्या आरोपावरून मंचाच्या काही जणांना अटक झाली. शीतल साठे आणि सचिन माळी एप्रिल २०१३मध्ये मुंबईत विधानभवनासमोर स्वतःहून हजर झाले. साठे तेव्हा गरोदर होत्या, त्यांना काही महिन्यांत जामीन मिळाला. माळींना तो मिळायला २०१७ उजाडलं, आणि तोही सर्वोच्च न्यायालयातून.

मंचाची सगळीच गाणी चांगली आहेत असं आम्ही म्हणणार नाही. पुष्कळदा घोषणा चालीवर बसते आणि चाल दबून जाते. पण साठे वरच्या पट्टीत जातात तेव्हा आवाज कुठेही गोड व्हायचा प्रयत्न करत नाही, आणि ऐकणाऱ्याला टाळी वाजवावी की उठून उभं राहावं हे कळत नाही. नेमकी हीच जागा खऱ्यांच्या गाण्यात रिकामी आहे.

मग कांटला काय उत्तर द्यायचं? रात्री एकटं बसून ऐकायला आम्हाला खरेच आवडतात. कोट्या करत नाही आम्ही. (हशा) पण 'हे चांगलं आहे, तुम्हीही मान्य करा' असं या सभागृहातल्या प्रत्येकाला, म्हणजे आवणीच्या चिखलातून थेट इथे आलेल्यांनाही, सांगायची वेळ आली, तर आम्ही साठ्यांचं नाव घेऊ. आमच्या यादीत दोघंही आहेत, एकाच पानावर, आणि एकमेकांकडे पाठ करून.

तुमचे प्रश्न असतील तर आता घेऊ. फक्त 'कोंबडी' म्हणून दाखवा असा आग्रह कुणी धरू नये.