अक्षराचे वळण आणि अक्षराचा अर्थ

ऑगस्ट २०१० मध्ये आपल्या हैदराबादेत जगभरच्या गणितज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते तेथे चार फील्ड्स पदके दिली गेली. त्यांतील एक पदक न्गो बाओ चाऊ यांचे. ली बीजगणितांविषयीचे, 'मूलभूत लेमा' या नावाने प्रसिद्ध असलेले विधान त्यांनी सिद्ध केले होते.

या शास्त्राचा ग्रंथ उघडला की पानोपानी एक चमत्कारिक अक्षर भेटते. जुन्या जर्मन छापाचे, टोकदार, मोडक्या रेघांचे, 'फ्राक्टुर' वळणाचे 'जी'. जर्मन सरकारने १९४१ साली हे वळण आपल्या व्यवहारातून काढून टाकले. गणितात मात्र ते टिकले, आणि त्यास कारण आहे. मोठे 'जी' म्हणजे समूह, साधे लहान 'जी' म्हणजे त्या समूहातील एखादा घटक, आणि फ्राक्टुर 'जी' म्हणजे त्या समूहाचे ली बीजगणित. तिन्ही एकाच वाक्यात येऊ शकतात. वळण पुसले की वाक्याचा अर्थच बदलतो.

म्हणूनच संगणकावरील अक्षरांची जागतिक सूची जी युनिकोड, तिने २००१ साली गणिती अक्षरांना स्वतंत्र क्रमांक दिले. साध्या जर्मन गद्यातील फ्राक्टुरला असे क्रमांक नाहीत, कारण तेथे ते रोमन लिपीचेच एक वळण आहे. आपल्या मोडीला २०१४ साली स्थान मिळाले ते वेगळी लिपी म्हणून. अरबी लिपीतील गणिती अक्षरांनाही २०१२ साली जागा मिळाली, कारण त्या लिपीत गणित प्रत्यक्ष शिकवले जाते. १९१८ साली उर्दू माध्यमाने सुरू झालेले उस्मानिया विद्यापीठ ज्या नगरात आहे, तेथील वाचकांस याचे नवल वाटू नये. प्रत्येक ठिकाणी निकष एकच: वळणावर अर्थ अवलंबून आहे काय?

आता हीच गणिती अक्षरे मोबाईलवरून फिरणाऱ्या निमंत्रणांत शोभेसाठी वापरली जातात. उत्सवाचे नाव रोमन लिपीत, पण गणिताच्या फ्राक्टुर चिन्हांत! डोळस वाचकाला ते भारदस्त वाटते. दृष्टिहीन भाविकाचा फोन मात्र मजकूर मोठ्याने वाचताना 'गणिती फ्राक्टुर' असे प्रत्येक अक्षराचे नाव उच्चारीत बसतो, किंवा ते अक्षर गाळूनच टाकतो. उत्सव कोणता, हे त्या भाविकास कळतच नाही. यंत्रातले बीजाक्षर काढून कोणी पत्रिकेच्या काठावर वेलबुट्टीसारखे छापले तर आपल्याला खटकते. येथेही तसेच खटकावयास हवे.

यावर कोणी म्हणेल, संगणकाने या अक्षरांना साधी अक्षरे समजून वाचावे, म्हणजे तंटा मिटला. असे रूपांतर करण्याची सोय युनिकोडमध्ये आहेही, आणि शोध घेताना ती उपयोगी पडते. परंतु निमंत्रणाला तारणारा हा उपाय गणिताला मारक आहे. कारण त्याने फ्राक्टुर 'जी' आणि साधे 'जी' एकरूप होतात. एकाच्या हौसेपायी दुसऱ्याचा हक्क बुडवणे हा न्याय नव्हे.

आम्हा वकील मंडळींना दस्तऐवजातील शब्द आणि त्याचे सुलेखन यांत भेद करण्याची सवय असते. शब्द काय आहे यावर हक्क ठरतात. तो किती सुरेख लिहिला आहे यावर नव्हे. संगणकावरही हा भेद सहज पाळता येतो. मजकूर साध्या अक्षरांत ठेवावा आणि त्यास हवा तो सुंदर टंक लावावा. चित्ररूप पत्रिका पाठवायची असल्यास तिच्याखाली तोच मजकूर साध्या अक्षरांत द्यावा. शोभा कमी होत नाही, आणि ज्यांना ऐकूनच वाचावे लागते त्यांनाही देवळाचे बोलावणे पोहोचते. देवस्थानांच्या कार्यकारी मंडळांनी पुढील उत्सवापासून एवढे तरी अवश्य करावे.