लिहून देणार : वाटणीच्या साहित्यातली बहीण

घराच्या वाटणीवर मराठीत कथा-कादंबऱ्या-नाटके पुष्कळ आहेत. वाटणीच्या कागदाकडे मात्र समीक्षेने पाहिल्याचे माझ्या वाचनात नाही. जळगाव-धुळ्याकडचे असे कागद मी बरीच वर्षे वाचत आलो आहे. कुणाच्या ट्रंकेतले, कुणी वकिलाकडे जाण्याआधी सहज दाखवायला आणलेले. वाटणीपत्र भावाभावांचे असते : इतके खण तुझे, इतके माझे, मधली भिंत सामाईक, ओटा दोघांच्या वहिवाटीचा. हक्कसोडपत्र बहुधा बहिणीचे असते, आणि ते प्रथमपुरुषी असते.

‘लिहून देणार’ ती, ‘लिहून घेणार’ भाऊ. राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, असा तिचा सूर. घराची गोष्ट बहीण स्वतः ‘मी’ म्हणून सांगते आहे, असे गद्य मराठीत याखेरीज किती सापडेल? पण त्यात शब्द एकही तिचा नसतो. घरात अहिराणी किंवा लेवा बोली बोलणारी बाई इथे दस्तलेखकाच्या मराठीत बोलते.

इथे बहिणाबाई चौधरींची (1880–1951) आठवण अपरिहार्य आहे. त्यांनाही लिहिता येत नव्हते. त्यांच्या ओव्या मुलगा सोपानदेव आणि इतर आप्तांनी टिपून ठेवल्या, 1952 मध्ये त्यांचे पुस्तक झाले. म्हणजे तिथेही बोलणारी एक आणि लिहिणारा दुसरा. तरी बोली शाबूत राहिली, बाई शाबूत राहिली. असोद्याच्या माहेरावरच्या त्यांच्या कविता आपण शाळेत पाठ केल्या. ते माहेर कोणाच्या नावावर होते, हा प्रश्न कवितेला विचारायचा नसतो, हे मला मान्य आहे. समीक्षेने तो विचारायला हरकत नव्हती.

महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ (1985) विदर्भातले, पण खानदेशी वाचकाला परके वाटत नाही. त्यातली प्रभा शिकायची राहिली, लग्नाची राहिली, वाड्यात राहिली. या नाटकाकडे आपण सरंजामी घराची पडझड म्हणून पाहतो. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यातले कलम 23 शेजारी ठेवून पाहावे. मुलगी वारस होतीच. पण घर पूर्णपणे कुटुंबाच्या वापरात असेल तर पुरुष वारस वाटणीला तयार होईपर्यंत तिला वाटणी मागता येत नसे. अविवाहित, विधवा, टाकलेली किंवा नवऱ्यापासून वेगळी झालेली असेल तर राहता येई, इतकेच. प्रभाची जागा नेमकी हीच. नाटककाराने कलम वाचले होते की नाही, याला महत्त्व नाही. त्याने घर नीट पाहिले होते.

भालचंद्र नेमाड्यांच्या ‘हिंदू’मध्ये (2010) खंडेराव मोहेंजोदडोच्या उत्खननावरून मरणपंथाला लागलेल्या बापाकडे मोरगावला परततो. पुरुष वारस तो एकटाच, त्यामुळे वाटणीचा प्रश्नच उद्भवत नाही. कादंबरीत बायका भरपूर आहेत, त्यांची दुःखे तपशिलाने आहेत. वारशाचे ओझे मात्र त्याच्याच डोक्यावर. मला ही कादंबरी थोर वाटते, आणि ही तिची मोठी उणीवही वाटते.

महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून मुलींना सहदायकी हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. कलम 23 ला हातही लावला नाही. ते गेले 9 सप्टेंबर 2005 ला. पुढे 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात हा हक्क जन्मानेच असल्याचे स्पष्ट केले. परिणाम उलटा झालेला मी पाहतो. पूर्वी बहिणीला न विचारता चाले. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला भावांची नावे लागली की काम झाले, अशीच समजूत. (तो करआकारणीचा उतारा, मालकीचा पुरावा नव्हे, ज्या बहिणीचे नाव त्यात नाही तिचा हिस्सा तेवढ्याने बुडत नाही.) आता तिची सही लागते, तीही दुय्यम निबंधकासमोर, कारण नोंदणीशिवाय अशा कागदाला घराबाबत किंमत नाही. म्हणून हक्कसोडपत्रे वाढली.

या कागदांतला ‘विनामोबदला’ हा शब्द मी पुन्हा पुन्हा वाचतो. मोबदला असतो. खानदेशात आखाजीला सासुरवाशीण माहेरी येते, झोका बांधला जातो, गौराईची गाणी होतात. सही केली नाही तर ते दार बंद होईल ही भीती, आणि केली तर उघडे राहील हा भरवसा, यांवर व्यवहार ठरतो. कुणी तिला तसे तोंडावर म्हणत नाही. चतुःसीमेत पूर्वेचा रस्ता, पश्चिमेची शेजाऱ्याची भिंत, उत्तरेची गल्ली, सगळे बारकाईने लिहिलेले असते. आखाजीचा उल्लेख मला अजून एकाही कागदात सापडलेला नाही.