जुन्या पेढीचा हिशेब : ग्लासगोतील फुटबॉल-निष्ठा आणि तिच्यावरील तीन ग्रंथ

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात 'आपण कोणत्या संघाचे?' हा प्रश्न पुष्कळदा खेळाविषयीचा नसतो. 'आपण कोणत्या शाळेत शिकलात?' या प्रश्नाप्रमाणेच, समोरच्या माणसाचा बाप्तिस्मा कोणत्या मंडळीत झाला हे आडवळणाने काढून घेण्याचा तो एक मार्ग असतो. सेल्टिक म्हटले की आयरिश वंशाचा रोमन कॅथलिक, आणि रेंजर्स म्हटले की प्रॉटेस्टंट, असे समीकरण तेथे पिढ्यान् पिढ्या रूढ झाले. या दोन संघांच्या जोडीला तेथील लोक 'ओल्ड फर्म', म्हणजे 'जुनी पेढी' म्हणतात. या पेढीच्या व्यवहाराविषयी पुष्कळ लेखन झाले आहे. त्यांपैकी तीन ग्रंथांचा परामर्श येथे घ्यावयाचा आहे : बिल मरे यांचा 'द ओल्ड फर्म' (1984), टॉम डिव्हाइन यांनी संपादिलेला 'स्कॉटलंड्स शेम?' (2000) आणि स्टीव्ह ब्रूस व त्यांच्या सहकाऱ्यांचा 'सेक्टेरिअ‍ॅनिझम इन स्कॉटलंड' (2004). हे तिन्ही ग्रंथ ईश्वरविज्ञानाचे नव्हेत. परंतु ज्यांच्यावर मंडळीच्या शिक्षणाची जबाबदारी आहे, त्यांना विचार करावयास लावणारा प्रश्न तिन्ही ग्रंथांतून उभा राहतो आणि तिन्ही ग्रंथांत तो अर्ध्यावरच सुटतो.

प्रथम थोडा इतिहास पाहू. 1875 साली एडिंबरो येथे कॅनन एडवर्ड हॅनन यांच्या पुढाकाराने आयरिश स्थलांतरितांचा हिबर्निअन हा संघ निघाला. कॅथलिक तरुणांच्या मंडळाचे सभासदत्व ही त्यात खेळण्याची अट होती. 1887 मध्ये या संघाने स्कॉटिश चषक जिंकला, आणि त्याच वर्षी 6 नोव्हेंबर रोजी ग्लासगोच्या पूर्व भागातील सेंट मेरी चर्चच्या सभागृहात सेल्टिकची स्थापना झाली. तिचे प्रवर्तक ब्रदर वॉलफ्रिड हे मारिस्ट बंधुसंघाचे सभासद व शिक्षक होते. आसपासच्या धर्मग्रामांतील गरीब मुलांना जेवण देण्यासाठी निधी उभारावा, हा त्यांचा हेतू होता. सेल्टिकचा पहिला सामना 28 मे 1888 रोजी झाला. तो रेंजर्सशीच झाला, आणि सेल्टिकने तो 5-2 असा जिंकला. रेंजर्सची स्थापना मात्र 1872 साली काही तरुणांनी केवळ खेळाच्या हौसेने केली होती, तिच्यामागे धर्माचा काही संबंध नव्हता. पुढे पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्या क्लबात कॅथलिक खेळाडू न घेण्याची अलिखित रीत दृढ झाली, आणि ती 1989 पर्यंत टिकली.

मरे यांच्या ग्रंथाचे मोठे श्रेय असे की, त्यांनी हा सारा विषय दंतकथांच्या ढिगाऱ्यातून बाहेर काढला. दोन्ही बाजूंचे पाठीराखे आपापला इतिहास पुराणासारखा सांगत असतात, त्याच्या जागी मरे यांनी साधार इतिहास ठेवला. ग्रंथाच्या शीर्षकातच त्यांचा मुख्य रोख आहे : हे वैर दोन्ही क्लबांना लाभदायक ठरले. फाटकाशी जमा होणाऱ्या पैशाला पंथाचा रंग होता, म्हणून तो रंग पुसण्याची घाई कोणालाच नव्हती. हा निष्कर्ष मान्य करावा लागतो. तथापि, त्याने प्रश्न पुरता सुटत नाही. व्यापाऱ्याला भेदाचा फायदा होतो हे खरे, पण जो भेद आधी नव्हताच तो व्यापारी विकू शकत नाही. मग हा माल तयार कोठे झाला? मरे उत्तरादाखल आयर्लंडमधून झालेले स्थलांतर, रोजगाराची स्पर्धा आणि आयर्लंडचे राजकारण यांच्याकडे बोट दाखवितात. धर्मसंस्थांचा उल्लेखही ते करतात. परंतु वेदीसमोर आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात माणसाला कोणती ओळख दिली गेली, हा प्रश्न त्यांच्या कक्षेत येत नाही.

डिव्हाइन यांचा ग्रंथ एका वादातून जन्मला. जेम्स मॅकमिलन या कॅथलिक संगीतकाराने 1999 साली एडिंबरो महोत्सवात व्याख्यान देऊन, स्कॉटिश समाजाच्या अंगी कॅथलिकद्वेष अजूनही मुरलेला आहे असा आरोप केला. त्यावर उठलेल्या वादळात अनुकूल आणि प्रतिकूल अशा दोन्ही मतांना या संग्रहात स्थान मिळाले. शीर्षकापुढील प्रश्नचिन्ह ही त्याची प्रामाणिक खूण होय. मात्र 'लज्जा' हा शब्द ज्या क्षणी चर्चेत येतो, त्या क्षणी प्रत्येकजण आपली लज्जा दुसऱ्याच्या पदरात टाकू पाहतो. सुशिक्षित ती फुटबॉलच्या मैदानावर टाकतो, मैदानावरचा प्रेक्षक ती दारूवर टाकतो, आणि मंडळी म्हणते की, हे लोक उपासनेला येतच नाहीत, तेव्हा ते आमचे नव्हेतच. या शेवटच्या उत्तराकडे आपण पुन्हा येऊ.

ब्रूस आणि त्यांचे सहकारी याच्या उलट टोकाला उभे आहेत. नोकरी, शिक्षण आणि विवाह यांची आकडेवारी पुढे ठेवून ते म्हणतात की, पंथभेद आता समाजरचनेत उरलेला नाही. तरुण कॅथलिकांचे मिश्र विवाह सर्रास होतात, जुनी अन्याय्य दारे उघडली आहेत, आणि मैदानावर जे दिसते ते मुख्यतः तरुण पुरुषांचे, मद्याचे व जुन्या वैराचे अवशेष आहेत. अतिशयोक्तीला आळा घालणारा म्हणून हा ग्रंथ मोलाचा आहे. परंतु अवशेष निरुपद्रवी असतातच असे नाही. 1995 मध्ये सेल्टिकचा सामना पाहून घरी निघालेल्या 16 वर्षांच्या एका मुलाचा भर रस्त्यात खून झाला, आणि त्याच्या स्मृतीतून 1999 साली 'निल बाय माउथ' ही पंथद्वेषविरोधी संस्था उभी राहिली. 2011 मध्ये सेल्टिकचे तत्कालीन व्यवस्थापक नील लेनन यांना टपालाने स्फोटके पाठविण्यात आली. ज्याच्या अंगावर असा अवशेष कोसळतो, त्याला सरासरी किती खाली आली याचे समाधान काय होणार? शिवाय श्रद्धा आटल्यावरही द्वेष का उरतो, हा खरा प्रश्न आकडेवारी मांडते, पण सोडवीत नाही.

येथे ब्रदर वॉलफ्रिड यांच्या पंगतीकडे परत गेले पाहिजे. उपाशी मुलाला जेवण देण्याइतके निर्मळ कार्य दुसरे कोणते? तरीही त्या पंगतीमागे दोन हेतू होते, असे इतिहासकार नमूद करतात. भूक भागविणे हा पहिला. प्रॉटेस्टंटांच्या अन्नछत्रात जाऊन मुलांनी आपला पंथ सोडू नये, हा दुसरा. ही भीती अकारण होती असे म्हणता येत नाही, कारण तत्पूर्वी आयर्लंडमधील दुष्काळाच्या काळात अन्नाच्या मोबदल्यात पंथ बदलण्याच्या कटू आठवणी लोकांच्या मनात रुजल्या होत्या. म्हणजे दया आणि कुंपण ही दोन्ही एकाच ताटात वाढली गेली, आणि ती उभय पक्षी वाढली गेली. पुढे वॉलफ्रिड यांची 1892 मध्ये लंडनला बदली झाली आणि 1897 मध्ये क्लब मर्यादित कंपनी बनला. पंगत मागे पडली, कुंपण राहिले. प्रेषितांच्या कृत्यांच्या 6 व्या अध्यायातील प्रसंग वाचकांच्या परिचयाचा आहे. आद्य मंडळीतील पहिली जाहीर कुरकुर अन्नवाटपावरूनच झाली, आणि तीही भाषाभेदाच्या रेषेवर. तेथे मंडळीने वाटपाची व्यवस्थाच बदलली आणि कुरकुर करणाऱ्या गटाला शोभतील अशा ग्रीक नावांच्या माणसांच्या हाती ती सोपविली. ग्लासगोत मात्र दोन स्वतंत्र पंगती बसल्या.

'धार्मिक पार्श्वभूमी' हा शब्द तिन्ही ग्रंथांत सहजपणे येतो. तो किती अपुरा आहे हे खेळाडूंच्या उदाहरणांवरून कळते. 5 सप्टेंबर 1931 रोजी आयब्रॉक्स मैदानावर रेंजर्सच्या खेळाडूशी टक्कर होऊन प्राणास मुकलेला सेल्टिकचा 22 वर्षांचा गोलरक्षक जॉन टॉमसन प्रॉटेस्टंट होता. 1967 मध्ये लिस्बन येथे इंटर मिलानला 2-1 असे नमवून सेल्टिकला युरोपियन चषक मिळवून देणारे व्यवस्थापक जॉक स्टीन हेही प्रॉटेस्टंट होते. केनी डाल्ग्लिश तर रेंजर्सचा चाहता म्हणून वाढला आणि सेल्टिकचा मानबिंदू ठरला. बेलफास्टमध्ये 1948 च्या नाताळातील सामन्यानंतर लिनफील्डच्या जमावाने बेलफास्ट सेल्टिकच्या जिमी जोन्सचा पाय मोडला, आणि तो क्लब 1949 मध्ये लीगमधून कायमचा बाहेर पडला. हा जोन्स प्रॉटेस्टंटच होता. जमावाने त्याचा पंथ पाहिला नाही, अंगावरचा सदरा पाहिला. उलट 1989 च्या जुलैत रेंजर्सने मो जॉन्स्टन या कॅथलिक खेळाडूस घेतले, तेव्हा काही पाठीराख्यांनी आपल्याच क्लबाचे गळपट्टे जाळले. तेथे सदरा पाहिला नाही, पंथ पाहिला. श्रद्धेचा आशय काय, हे या दोन्ही प्रसंगी कोणी विचारले नाही. पार्श्वभूमी म्हणजे वारशाने मिळालेली सीमा. तिच्या अलीकडे उभे राहण्यासाठी प्रार्थनेची गरज पडत नाही.

म्हणूनच 'हा खरा धर्म नव्हे' असे म्हणून मोकळे होण्याचा मोह पाळकांना होतो. परंतु इतिहास तशी सूट देत नाही. 1923 साली चर्च ऑफ स्कॉटलंडच्या महासभेपुढे आयरिश वंशाच्या लोकांना स्कॉटिश राष्ट्रीयत्वावरील संकट ठरविणारा अहवाल आला होता. मैदानावरील झुंडीने तो लिहिला नव्हता, धर्मपंडितांनी लिहिला होता. 2002 मध्ये त्याच महासभेने त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला, ही गोष्ट तिला भूषणावह आहे. सेल्टिकने प्रॉटेस्टंट खेळाडूंना दार उघडे ठेवले, एवढ्यावर कॅथलिक बाजूही निश्चिंत राहू शकत नाही, कारण संघ मिश्र असूनही प्रेक्षागृह एकरंगी राहू शकते, हे तिच्याच इतिहासाने दाखविले आहे. धर्मसंस्थेतून निघालेल्या प्रत्येक संघाची गत अशीच होते असेही नव्हे. लिव्हरपूलमधील एव्हर्टन क्लब 1878 मध्ये मेथडिस्ट उपासनामंदिरातून निघाला, आणि 1892 च्या फुटीतून लिव्हरपूल क्लब जन्मला. त्या शहरातही आयरिश कॅथलिक आणि ऑरेंज पंथीय यांचे वैर होते, तरी एकाच घरात दोन्ही क्लबांचे चाहते नांदत आले. जेथे क्लबाची निष्ठा घराच्या आणि पंथाच्या सीमेशी जुळत नाही, तेथे ती खेळाचीच निष्ठा राहते.

हा विषय आपल्यालाही परका नाही. मुंबईच्या पंचरंगी क्रिकेट सामन्यांत हिंदू, मुसलमान, पारशी व युरोपियन असे संघ असत, आणि 1937 पासून 'बाकीचे' नावाचा पाचवा संघ आला. भारतीय ख्रिस्ती खेळाडू त्यात मोडत. सांगलीत जन्मलेले आणि बडोद्याकडून खेळलेले विजय हजारे यांनी 1943 मध्ये हिंदू संघाविरुद्ध 'बाकीच्यां'च्या 387 धावांपैकी 309 एकट्याने काढल्या. मराठी ख्रिस्ती समाजाला त्या खेळीचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. पण ज्या रचनेत हजाऱ्यांसारखा माणूस 'बाकीचा' ठरतो, तिच्याविषयी अस्वस्थ वाटणेही तितकेच स्वाभाविक असावयास हवे. 1940 मध्ये गांधीजींनी अशा जातवार सामन्यांना विरोध केला, आणि 1946 मध्ये ते बंद पडले. गोमंतकात मात्र साळगावकर, धेंपो अशा हिंदू उद्योजक घराण्यांच्या नावाचे संघ कॅथलिक खेळाडूंच्या बळावर नावारूपाला आले, आणि ब्रह्मानंद शंखवाळकर यांच्यासारखा हिंदू गोलरक्षक तेथून भारताचा कर्णधार झाला.

तिन्ही ग्रंथांबद्दल अखेर असे म्हणावेसे वाटते की, मरे यांनी पेढीचा जमाखर्च दाखविला, डिव्हाइन यांच्या संग्रहाने तिची अब्रू वेशीवर टांगली, आणि ब्रूस यांनी पेढी डबघाईला आल्याचे सिद्ध केले. पेढीला भांडवल कोणी पुरविले, या प्रश्नाचे उत्तर मात्र इतिहासकारांनी नव्हे, मंडळीने द्यावयाचे आहे. करिंथ येथील विश्वासी पौल, अपुल्लोस व केफा यांच्या नावांनी तट पाडू लागले, तेव्हा त्या नावांत वाईट असे काहीच नव्हते. पौलाने दोष दाखविला तो ख्रिस्ताची वाटणी करण्याच्या वृत्तीला. आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलाला 'आपण कोण' हे सांगताना आपण किती वेळ 'आपण कोण नव्हे' हे सांगण्यात घालवितो? आपली वसतिगृहे, शाळा आणि मदतकार्ये यांच्या ताटात दयेबरोबर आणखी काय वाढले जाते? ज्या मुलाला विश्वासाऐवजी केवळ कुंपण मिळते, तो मोठेपणी उपासनेला येईनासा होतो, पण कुंपणाची राखण सोडीत नाही. हे तीन ग्रंथ सेवकवर्गाने वाचावेत ते ग्लासगोला नावे ठेवण्यासाठी नव्हे, तर आपल्या वर्गातील पाठ पुन्हा तपासण्यासाठी.