कौत्स तेवढ्यावरच का थांबला?

दिवाळीच्या सुट्टीत मुलांच्या हाती पडणाऱ्या सणावारांच्या गोष्टी मी दरवर्षी आवडीने वाचतो. हल्ली त्यांना एक खोड लागली आहे. गोष्ट संपते न संपते तोच लेखक खडू घेऊन उभा राहतो : ‘म्हणून मुलांनो, झाडे तोडू नका!’

पण दुसऱ्याला नावे कशाला ठेवू? गेल्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी चौथीच्या वर्गात रघू-कौत्साची गोष्ट सांगून मीही हेच वाक्य फळ्यावर लिहिले. मुलांनी ते वळणदार अक्षरात उतरवून घेतले. दुसऱ्या दिवशी त्यांतलाच एक मुलगा मला सोने द्यायला आला, तो आपट्याची अख्खी फांदी घेऊन! गुरुजींना भरपूर द्यावे, एवढाच त्याचा भाव. चूक माझ्या सांगण्यात होती.

मग मी ‘रघुवंशा’चा पाचवा सर्ग भाषांतराच्या आधाराने पुन्हा वाचला. विश्वजित यज्ञात सर्वस्व दान केलेला रघू मातीच्या पात्रातून कौत्साचे स्वागत करतो. कौत्साला गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी हवे असतात. कुबेर धनाची वृष्टी करतो, ती मात्र रघूच्या कोशागारात. कालिदासाच्या काव्यात तिथे आपटा नाहीच! माळरानावरच्या साध्या झाडाला हा मान दिला तो लोककथेने, आणि ही भर मला फार मोलाची वाटते.

मात्र आपण ही कथा सांगताना सोने लुटण्याकडे धाव घेतो आणि तिचा गाभा मागे राहतो. तो गाभा म्हणजे एक विलक्षण भांडण. रघू म्हणतो, सगळेच ने. कौत्स म्हणतो, गुरूंच्या देण्याहून अधिक मला नको. देणारा हात आखडत नाही आणि घेणारा हात पसरत नाही. झाडाशी कसे वागावे, याचा याहून चांगला पाठ कोणता? तो कथेच्या पोटातच आहे. शेपटाला बांधावा लागत नाही.

यंदा मी या भांडणापाशीच थांबलो. फळा कोरा ठेवला. एका मुलीने विचारले, “गुरुजी, कौत्स तेवढ्यावरच का थांबला?” मी उत्तर दिले नाही.

दसऱ्याला तिने माझ्या तळहातावर एकच पान ठेवले. बाकीच्यांनी नेहमीप्रमाणे जुड्या आणल्या. तेव्हा विजयाचा डंका मी पिटणार नाही. परंतु गेल्या वर्षीचे माझे सुवचन आज एकाही मुलाला आठवत नाही, आणि तिचा प्रश्न वर्गात अजून निघतो. मुलांसाठी लिहिणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो, शेवटचे वाक्य आपण गिळावे. मुले ते आपल्या परीने पुरे करतील.