विहिरी कोणी खणल्या? पवईचा मळा आणि घराण्याचा इतिहास

मंडळी, माहुलमध्ये बसून आज आपण पवईच्या एका मळ्याबद्दल बोलू. पवई इथून काही फार लांब नाही.

1829 च्या सुमारास पवईची मिळकत फ्रामजी कावसजी बानाजी यांच्याकडे आली. तिथे ऊस, नीळ, तुती, आंबा अशी लागवड झाली. 1838 मध्ये फ्रामजींनी आंबे थेट विलायतेला पाठवले. पुढे 1892 साली त्यांचे पणतू खुश्रू नवरोजी बानाजी यांनी इंग्रजीत त्यांचं चरित्र प्रसिद्ध केलं.

पणतूने लिहिलेल्या चरित्राचा नायक पणजोबाच असणार. त्यात गैर काही नाही. श्री. ना. पेंडसे यांना ‘तुंबाडचे खोत’मध्ये खोत घराण्याची पडझड मोकळेपणाने दाखवता आली, कारण ते कादंबरी लिहीत होते. घरच्या माणसाला तेवढी मोकळीक नसते. व्यापाऱ्याने शेतीत पैसा का घातला, हे समजायला असं चरित्र उपयोगी पडतं. पण त्यालाच मळ्याचा इतिहास मानलं, की आपण फसतो.

कसे, ते क्रियापदात बघा. आपण सहज म्हणतो, ‘फ्रामजींनी विहिरी खणल्या, ऊस लावला.’ फ्रामजींचा जन्म 1767 चा, म्हणजे तेव्हा ते साठीच्या पुढचे. कुदळ त्यांच्या हातात नव्हती. मराठीत यासाठी नेमका शब्द आहे: ‘खणवल्या’. एक अक्षर वाढलं, की लगेच प्रश्न उभा राहतो: कोणाकडून?

अमेरिकेच्या दक्षिणेत 1860 च्या शिरगणतीत गुलामांची वेगळी यादी झाली. मालकाचं नाव, आणि त्याखाली गुलामांचं वय, लिंग, रंग. नाव बहुधा नाहीच. पवईची कुळं आणि मजूर गुलाम नव्हते, त्यामुळे दोन्हींना एका मापाने मोजू नये. पण कष्ट करणाऱ्याचं नाव गळण्याची खोड दोन्हीकडे सारखीच.

हे आम्ही माहुलमध्येच का बोलतोय? इथे पाइपलाइनच्या कडेवरून आणून वसवलेली कुटुंबं राहतात. कागदावर त्यांचं नाव एकच, ‘प्रकल्पग्रस्त’. उद्या कोणी इथला इतिहास लिहिला आणि ‘वसाहत उभी राहिली’ एवढंच म्हटलं, तर आपण विचारायचं: कोणी उभी केली, आणि कोणाला इथे आणवलं? घरोघरच्या आजीला आजच विचारून ठेवा. तिचा पणतू लिहील तेव्हा त्याच्याकडे नावं असू देत.