माघारी आलेला घोडा

बुद्धिबळ आम्हीही खेळतो. म्हणजे दुसऱ्यांनी खेळलेले डाव पाट मांडून पुन्हा खेळतो. चूक त्यांची, समाधान आपलं!

त्यांतला माझा लाडका डाव १९७२ च्या रेक्याविकमधल्या जगज्जेतेपदाच्या सामन्यातला, अकरावा. फिशर साडेसहा, स्पास्की साडेतीन. काळी मोहरी घेऊन फिशर सिसिलियन बचावातल्या नायडॉर्फ पद्धतीत शिरला आणि आठव्या चालीला वजिराने बी-दोनवरचं प्यादं मटकावलं. त्याचं नावच 'विषारी प्यादं'! टीकाकार यावर 'हाव' म्हणून मोकळे होतात. मला हे पटत नाही. सातव्या डावात हेच प्यादं खाऊन गृहस्थ बरोबरीत सुटला होता की! माझी तक्रार वेगळी. वजीर परमुलखात आणि राजा मात्र किल्लेकोट न करता मधल्या घरात उघडा, हे कसलं घर सांभाळणं?

आणि मग स्पास्कीची चौदावी चाल. घोडा मागे, थेट बी-एकवर, जिथून निघाला त्याच घरात! हे मी केलं असतं तर शेजारच्या अण्णांनी पट गुंडाळला असता. पण त्या माघारीनेच वजिराची कोंडी सुरू झाली. पंचविसाव्या चालीला एका य:कश्चित प्याद्याने वजीर मारला, एकतिसाव्या चालीनंतर फिशरने डाव सोडला.

सामना अखेर त्यानेच जिंकला, साडेबारा-साडेआठ. पण पंधराव्या डावात पुन्हा तीच मांडणी आली, तेव्हा पठ्ठ्याने वजिराला हात लावला नाही. उंट मुकाट्याने एक घर पुढे सरकवला.